आंबेमोहराची शिफारस

सुलक्षणाला दिल्लीत नोकरी लागली तेव्हा तिच्या आईनं, बनाबाईनं, अख्ख्या आंबवड्यात सांगितलं की आमची पोरगी संसदेत गेली. भोरच्या बाजारात कुणी भेटलं तरी तेच. ऐकणाऱ्याला वाटायचं, खासदार झाली की काय! सुलक्षणा सुट्टीवर आली की लोक तिला रस्त्याचं काम सांगत, पेन्शनचं काम सांगत, आणि ती हसून म्हणायची, "अहो, मी तिथली कर्मचारी आहे."

ते खरंच होतं. संसदेच्या सचिवालयात ती अधिकारी होती आणि परदेश व्यापाराचं काम बघणाऱ्या समितीकडे तिची नेमणूक होती. समितीत निरनिराळ्या पक्षांचे खासदार बसत. बाहेरच्या देशांशी व्यापार करताना सरकार जे नियम करतं ते तपासायचे, ज्यांना त्याची झळ लागते त्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग सरकारला शिफारस करायची, एवढा त्या समितीचा अधिकार. सुलक्षणा बैठकीची कागदपत्रं लावायची, साक्षी नोंदवायची, अहवालाचा मसुदा लिहायची. कामात ती चोख होती. तोंडाला कुलूप असलेली बाई म्हणून तिचे संचालक तिला मानायचे.

तिचा धाकटा भाऊ सोमनाथ विंझरला राहायचा. वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याच्या सासऱ्यांची जागा होती, तिथं त्यानं भातगिरणी टाकली होती. सोमनाथ बोलका, पायाला भिंगरी लागलेला माणूस. पासलीकडची डोंगरातली माणसं घरापुरता आंबेमोहर करायची. उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उतारा कमी, म्हणून विकायला कुणी करत नव्हतं. पुण्याच्या बाजारात त्याच नावाचा स्वस्त तांदूळ पोत्यांनी मिळायचा, खऱ्याला विचारतो कोण? सोमनाथनं डोकं चालवलं. दुबईत दुकान असलेला एक मराठी माणूस त्यानं गाठला, त्याला नमुना धाडला, आणि त्या दुकानदाराला तो वास आवडला. मग सोमनाथ पासलीच्या घराघरांत गेला. सगळ्यात आधी त्याला हो म्हणाले ते ज्ञानोबा तात्या. तात्या म्हणजे वाडीतलं वजनदार माणूस. ते वळले की वाडी वळली. दोन हंगाम माल समुद्रापार गेला. वाडीतल्या बायका सोमनाथला दारात थांबवून चहा पाजायला लागल्या.

तिसऱ्या वर्षी देशात तांदूळ महागला आणि सरकारनं एका संध्याकाळी तांदळाची निर्यात बंद करून टाकली. मोठमोठ्या गिरण्यांच्या तांदळासाठी काढलेला हुकूम पासलीच्या चार खाचरांनाही लागू झाला. भरून ठेवलेला माल गिरणीतच राहिला.

सोमनाथनं बहिणीला फोन केला. "ताई, ह्ये काय झालं गं? आमी असा किती तांदूळ नेतो? आमच्यामुळं देश उपाशी ऱ्हाणार हाय का?"

"लेखी तक्रार कर," ती म्हणाली. "समिती या बंदीचा विचार करणारच आहे. पण माझ्या नावानं काही लिहू नकोस."

समितीनं खरोखरच तो विषय घेतला. पुण्याचा दौरा ठरला. शेतकऱ्यांना भेटायला कुठं जायचं म्हणून चर्चा निघाली तेव्हा कुणीतरी सोमनाथच्या अर्जावर बोट ठेवलं. सुलक्षणानं त्याच वेळी संचालकांना सांगितलं, "सर, हा माझा सख्खा भाऊ आहे." संचालकांनी अर्ज पुन्हा चाळला. मग म्हणाले, "जागा तीच राहू दे. फक्त बोलायला दुसरं कुणी असावं." सुलक्षणाला ते पटलं. सोमनाथला मात्र लागलं. "म्हंजी माझ्याच गिरणीत म्या मुका बसायचं व्हय?" असं तो म्हणाला, पण ऐकलं त्यानं.

हिवाळ्यात समिती विंझरला आली. गिरणी झाडून घेतली होती, शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या. अध्यक्ष पूर्वेकडच्या एका राज्यातले, वयस्कर, स्वतःच्या घरी भातशेती असलेले. त्यांनी घाई केली नाही. बायकांना आधी बोलू दिलं. पासलीच्या लोकांचं म्हणणं सुलक्षणा हिंदीत करून सांगत होती आणि खासदारांचे प्रश्न उलट मराठीत. शेवटी ज्ञानोबा तात्या उठले. त्यांनी घरून काय काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं, पण उभं राहिल्यावर सगळं विसरले. टोपी काढली, परत घातली.

"सायेब, बाकी काय म्हननं न्हाई. औंदा आमी ह्यो भात पेरावा का न पेरावा, तेवढं सांगा."

सुलक्षणानं ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. अध्यक्षांनी मान खाली घातली. मग म्हणाले, ते सांगणं आमच्या हातात नाही, आम्ही सरकारला सल्ला देतो, पण तुमचं म्हणणं आम्ही पूर्ण ताकदीनं मांडू. सुलक्षणानं तेही जसंच्या तसं मराठीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'हातात नाही' हे शब्द वाऱ्यावर गेले, 'पूर्ण ताकद' तेवढी पासलीला पोचली.

दिल्लीत परतल्यावर तिनं तो परिच्छेद लिहिला. किती वेळा खोडला आणि किती वेळा पुन्हा लिहिला. डोंगराळ भागातले, नावानं ओळखले जाणारे सुवासिक तांदूळ या बंदीतून वगळावेत. त्यांचं प्रमाण एवढं थोडं आहे की देशातल्या भावावर त्याचा परिणाम होणार नाही. उलट बंदीनं ही वाणंच नाहीशी होतील. कोरड्या सरकारी भाषेत लिहावं लागतं, तरी वाचणाऱ्याला कुठंतरी टोचावं, असं तिला वाटत होतं. समितीत एरवी एका वाक्यावरून भांडणारे सदस्य, पण या परिच्छेदाला कुणीही हरकत घेतली नाही. अहवाल एकमतानं मंजूर झाला आणि सभागृहापुढे ठेवला गेला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी आली.

सोमनाथनं ती बातमी पासलीच्या देवळात वाचून दाखवली. लोकांनी नारळ फोडला. त्याचा फोन आला तेव्हा मागं घंटेचा आवाज येत होता.

"ताई, जिंकलो आपुन!"

"सोमनाथ, शिफारस आहे रे ती. हुकूम नाही."

"अगं, येवढी मोठी मानसं, सगळ्या पक्षांची, एकमतानं लिवत्यात. सरकार काय त्यांना न्हाई म्हननार?"

तिनं त्याला पुन्हा समजावलं, पण तिच्या आवाजात तेवढा जोर नव्हता. तिलाही मनातून तसंच वाटत होतं.

सरकारचं उत्तर मे महिन्यात आलं. तिच्याच टेबलावर आलं. सगळ्या शिफारशींची उत्तरं एकाखाली एक होती, आणि आंबेमोहराच्या शिफारशीपुढं चार ओळी: समितीच्या भावना लक्षात घेतल्या आहेत, तथापि एका वाणाला सूट दिल्यास त्या नावाखाली इतर तांदूळ बाहेर जाण्याचा धोका आहे, सबब विद्यमान धोरणात बदल करणं तूर्त शक्य नाही. सुलक्षणानं ते वाचलं. सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्यात खोटं काही नव्हतं. तसं होऊ शकलं असतं. त्यांनी त्यांच्या बाजूनं बरोबरच लिहिलं होतं, आणि पासलीचं त्या बरोबरमध्ये कुठं बसत नव्हतं.

हे उत्तर आता समितीपुढं जाणार, समिती त्यावर पुन्हा एक अहवाल करणार, आणि तो पावसाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवला जाणार. तोवर त्यातला एक शब्द बाहेर गेला तर तो सभागृहाचा हक्कभंग. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे तिला शिकवलं होतं. तिच्या बरोबरीच्या एका अधिकाऱ्यानं याहून साधी गोष्ट एका पत्रकाराला सांगितली होती. तो आता कुठं आहे हे कचेरीत कुणी विचारत नसे.

त्याच महिन्याच्या शेवटी बनाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भोरला ठरलं होतं. सुलक्षणा रजा काढून आली. ऑपरेशन नीट झालं. बनाबाई काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती आणि कोण आलं, कोण गेलं ते आवाजावरून ओळखत होती. दुपारी सोमनाथ आला. आईपाशी बसला, तिला आंबा कापून दिला, मग बहिणीला म्हणाला, "चल, जरा मळ्याकडं जाऊन येऊ."

विहिरीपाशी आल्यावर त्यानं विषय काढला.

"ताई, आता भाताच्या रोपांचा तरवा टाकायची येळ आली. पासलीत सगळी माझ्याकडं बघत्यात. निम्मी म्हनत्यात इंद्रायणी करू, ती कुठंबी खपती. ज्ञानोबा तात्या म्हनले, सुलक्षणाबायला इचार अन् ती सांगल तसं करू. दुबईवाला बी थांबलाय. सरकारचं काय उत्तर आलं का?"

बांधावरच्या शेवरीकडं बघत ती म्हणाली, "मला सांगता येत नाही."

"आलंय, पर सांगता येत न्हाई?"

"सोमनाथ, मला यातलं काहीच बोलता येत नाही. आलं की नाही, हेही नाही."

तो तिच्याकडं टक लावून बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बरं बरं. नको सांगू. कळलं मला."

"काय कळलं?"

"न्हाई, तू नको बोलू. तुझी नोकरी हाय. पर वंगाळ असतं तर तू सांगितलंच असतंस की. सख्ख्या भावाला हिरीत ढकलशील व्हय?" आणि तो मोकळं हसला. कितीतरी महिन्यांनी तो तसा हसला होता.

तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. उत्तर काय आलं ते नाही, पण निदान 'माझ्या गप्प बसण्यावर काही ठरवू नकोस' एवढं तरी. शब्द जिभेवर आले होते. पण तेवढं म्हटलं तरी सोमनाथला सगळं कळलं असतं, आणि सोमनाथला कळलं की वेल्ह्याला कळणार, दुबईला कळणार. शिवाय तिच्या मनात एक वेडी आशा होती. समिती आपली शिफारस पुन्हा लावून धरेल, अध्यक्ष मंत्र्यांना भेटतील, पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये चार-पाच महिने आहेत, काहीही होऊ शकतं. ती गप्प राहिली. दोघं परत आले तेव्हा बनाबाईनं पावलांचा आवाज ऐकून विचारलं, "काय रं सोमा, लई खूश दिसतोयस?"

"दिसतंय व्हय तुला, आये? म्हंजी डॉक्टर चांगला हाय," तो म्हणाला, आणि बनाबाई हसली. सुलक्षणा आत जाऊन भांडी आवरायला लागली.

दिल्लीला गेल्यावर तिला चैन पडेना. एका सकाळी कचेरीत जायच्या आधी तिनं मनाचा हिय्या केला आणि सोमनाथला फोन लावला. फोन त्याच्या बायकोनं, धनश्रीनं, उचलला.

"ताई, ह्ये मोबाईल घरीच इसरून पासलीला गेलेत. तिथं समद्यांनी तरवा टाकला न्हवं, आंबेमोहराचा. औंदा सगळ्या खाचरांत तोच. तात्यांनी तर खालच्या पट्टीत बी टाकलाय. काय काम व्हतं का?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "सहज केला होता."

जुलैत समितीची बैठक झाली. सरकारनं नाकारलेल्या शिफारशींचे दोन गठ्ठे करतात. सरकारचं उत्तर समितीला मान्य नाही आणि ती शिफारस पुन्हा करते, असा एक. आणि सरकारचं उत्तर पाहता समितीला ज्यांचा पाठपुरावा करायचा नाही, असा दुसरा. सुलक्षणानं मसुद्यात आंबेमोहर पहिल्या गठ्ठ्यात घातला होता. संचालकांनी तो दुसऱ्यात हलवला. "सरकारचं कारण सबळ आहे," ते म्हणाले, "आणि पोलादाच्या निर्यात-करावरून समितीला भांडायचं आहे. सगळीकडं भांडलं तर कुठंच वजन राहत नाही." तिनं एकदा आग्रह धरून पाहिला. ते तिच्याकडं जरा निरखून बघायला लागले, तेव्हा तिला आठवलं की तो अर्ज आपल्या भावाचा आहे हे आपणच यांना सांगितलंय. तिनं विषय सोडला. बैठकीच्या दिवशी अध्यक्ष आजारी होते. दुसऱ्या गठ्ठ्याची पानं कुणी उलटलीही नाहीत.

अहवाल सभागृहापुढे ठेवला गेला त्या दुपारी ती संसदेच्या आवारात एका झाडाखाली उभी राहिली आणि तिनं भावाला फोन केला. आता सांगायला मुभा होती. तिनं सगळं सांगितलं.

सोमनाथनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सरकारचं ह्ये उत्तर कवा आलं व्हतं?"

"मे महिन्यात."

"म्हंजी आयेचं डोळं झालं तवा तुला ठावं व्हतं."

"हो."

"हिरीपाशी."

"हो. सोमनाथ, मला..."

"न्हाई, बरोबर हाय," तो म्हणाला. "तुमची नोकरी हाय ती."

जन्मात तो तिच्याशी 'तू'शिवाय बोलला नव्हता. तिला वाटलं रागानं म्हणाला असेल, ओसरेल. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसा तो नीट, सावकाश बोलत होता, आणि त्यानंतर तो तिच्याशी कायम तसाच बोलत राहिला.

भात चांगलं आलं, हेच मोठं दुःख. पासलीच्या खाचरांमधून कापणीच्या वेळी असा वास सुटला होता म्हणतात, की वेल्ह्याहून येणारे लोक गाडी थांबवून विचारायचे. दुबईवाल्यानं वाट बघून बघून दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी येऊन मूठभर तांदूळ हुंगला आणि इंद्रायणीपेक्षाही खालच्या भावानं मागितला. त्यांना तो दुसऱ्यात मिसळायलाच हवा होता. लोकांनी देऊन टाकला. सोमनाथला पासलीत कुणी वाईट बोललं नाही. पण तो रस्त्यानं चालला की बायका दारातून आत जायला लागल्या. त्याला ते सोसलं नाही. पुढच्या हंगामात गिरणीकडं कुणी भात आणलं नाही, तेव्हा त्यानं यंत्र विकलं आणि शिरवळच्या एका कारखान्यात तो कामाला लागला. सकाळी कंपनीची बस येते, संध्याकाळी सोडते.

गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात सुलक्षणा आली तेव्हा तिनं धनश्रीला बरोबर घेतलं आणि ती पासलीला गेली. ज्ञानोबा तात्या अंगणात दोरी वळत बसले होते. खालच्या पट्टीभोवती नवं तारेचं कुंपण दिसत होतं; पुण्याच्या कुणीतरी ती बंगल्यासाठी घेतली होती.

"या बाय," तात्या म्हणाले. "बसा."

ती बसली. काय बोलायचं ते तिनं वाटभर जुळवलं होतं. म्हणाली, "तात्या, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"सोमनाथ म्हनला." त्यांनी दोरीला पीळ दिला. "तुमाला बी मालक हाईत. त्यांचं खाता, त्यांचं ऐकाया पायजे. म्या काय तुमाला बोल लावत न्हाई."

"बी ठेवलंय ना तात्या? पुढं कधी बंदी उठली तर..."

"बी व्हतं की. चंद्रानं भरडलं. दिवाळीला भात केला, लेकी-जावयांना वाढला, संपलं." ते आत बघून म्हणाले, "अगं, बायला पानी दे."

त्यांची बायको चंद्राबाई तांब्या घेऊन बाहेर आली. सुलक्षणा पाणी प्याली. चंद्राबाईनं तांब्या उचलला आणि ती आत गेली. चूल पेटलेली दिसत होती, दूध तापल्याचा वास येत होता. बराच वेळ झाला तरी चहा आला नाही. धनश्रीनं तिच्या दंडाला हळूच हात लावला, तेव्हा सुलक्षणा उठली.

पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, सरकारनं तांदळावरची बंदी उठवली. गोदामं भरली आहेत, देशात भाव उतरलेत, असं कारण दिलं होतं. समितीचा किंवा डोंगरातल्या वाणांचा त्यात उल्लेख नव्हता. संचालक मात्र आनंदानं तिच्या टेबलापाशी आले. "बघा, आपल्या समितीचं म्हणणं शेवटी मान्य झालंच. वर्षाच्या टिपणात घाला हे. शिफारशीचं यश म्हणून." तिनं ते तसं लिहिलं. एका वाक्याचं काम होतं.

मग तिनं बाहेर जाऊन सोमनाथला फोन केला. त्यानं उचलला नाही. संध्याकाळी त्याचाच आला. मागं गाड्यांचा आवाज होता.

"बंदी उठली सोमनाथ," ती म्हणाली.

"व्हय. बातम्यांत सांगितलं. तुमी बऱ्या हाय न्हवं?"

"मी बरी आहे. तू कसा आहेस?"

"बरा हाय. आयेचा दुसरा डोळा बी करायचा म्हनतोय डॉक्टर. म्या सुट्टी टाकलीया, तुमी न्हाई आल्या तरी चालंल." पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो, बस आली," तो म्हणाला.